शेतातल्या रास्पबेरी पायवरचा डेटाबेस पुण्याहून कसा बघायचा

प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेच्या शेडमध्ये रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डवरचा छोटा संगणक) बसवलाय, त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस आहे. बागेत ठिकठिकाणी लावलेले ईएसपी३२ (सेन्सर जोडलेल्या वायफायच्या छोट्या चिप) मातीतला ओलावा आणि तापमान मोजून त्याच्याकडे पाठवतात. बोर्डवरच बसून क्वेरी मारली तर सगळं दिसतं, पण त्याच वायफायवरच्या लॅपटॉपमधून जोडायला गेलं की 'कनेक्ट होत नाही' म्हणतं. मुळात बघायचंय पुण्यातल्या घरून. कोणीतरी सुचवलंय की राउटरमध्ये ३३०६ पोर्ट (डेटाबेसचं दार) फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून थेट आत जोडा, रूटला (डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याला) कुठूनही यायची परवानगी द्या, झालं काम.

तसं करू नका. कारण पुढे येईलच. आधी एवढं लक्षात घ्या की तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं मिसळली आहेत: शेडमधल्या वायफायवरून डेटाबेसपर्यंत पोचणं आणि पुण्याहून शेडपर्यंत पोचणं. पहिलं पुरतं जमल्याशिवाय दुसऱ्याला हात लावलात तर एरर आल्यावर ती कुठली, हेच कळणार नाही. (कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.)

'कनेक्ट होत नाही' एवढंच वाचून थांबू नका, त्याच्यासोबतचा आकडा वाचा. निम्मं निदान त्यातच असतं.

२००२ किंवा २००३ दिसलं (दोन्हींपैकी कोणतं, ते क्लायंटवर, म्हणजे जोडणाऱ्या प्रोग्रॅमवर ठरतं) तर मामला अजून डेटाबेसपर्यंत गेलेलाच नाही. त्यातही दोन जाती आहेत. एंटर दाबल्याबरोबर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, म्हणजे लिनक्सवर कंसात १११ किंवा विंडोजवर १००६१, तर लॅपटॉप बोर्डपर्यंत पोचलाय, पण त्या पत्त्यावर ३३०६ पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं नाही. उलट बराच वेळ ताटकळत ठेवून 'टाइम्ड आउट' आलं, विंडोजवर १००६०, तर एकतर बोर्डचा आयपी पत्ता बदललाय, नाहीतर मधली फायरवॉल पॅकेट मुकाट्याने टाकून देतेय. लॅपटॉप राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर असेल तरी हेच होतं, कारण गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं आतल्या यंत्रांशी बोलू नयेत अशीच सहसा राउटरची रचना असते. फायरवॉलमध्ये तासभर घालवण्याआधी हे बघून घ्या.

११३० आला की लोक हताश होतात. 'होस्ट अमुक इज नॉट अलाउड टू कनेक्ट' ही भाषाच तशी आहे. प्रत्यक्षात ही चांगली खूण आहे. नेटवर्कचं काम संपलं, मारियाडीबीने स्वतः दार उघडून, तुमचा पत्ता बघून नकार दिलाय. आणि १०४५ आला तर त्या पत्त्यावरून येणारं एखादं तरी खातं नोंदलेलं आहे, पण तुमचं नाव किंवा पासवर्ड जुळत नाही. १०४५ च्या ओळीत शेवटी 'यूझिंग पासवर्ड: येस' की 'नो' हेही लिहिलेलं असतं. 'नो' असेल तर पासवर्ड चुकीचा गेलेला नाही, मुळात पाठवलाच गेलेला नाही. क्लायंटमध्ये पासवर्डची चौकट रिकामी राहिलेली असते.

तुमच्या वर्णनावरून तुमची एरर पहिल्या प्रकारातली, 'रिफ्यूज्ड'ची असावी, आणि तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. डेबियनमध्ये (ही लिनक्सची एक जात) मारियाडीबी बसवलं की ते फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःपुरतं ऐकतं. रास्पबेरीची प्रणाली डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे तिथेही तेच. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे. खात्री करायची असेल तर बोर्डवर 'सुडो एसएस -टीएलएनपी' चालवा. ३३०६ च्या ओळीत आधी १२७.०.०.१ दिसलं तर फक्त आतून, ०.०.०.० दिसलं तर सगळ्या बाजूंनी.

ही गोष्ट बदलणारी ओळ म्हणजे 'बाइंड-ॲड्रेस'. जुन्या लेखांत ती 'माय.सीएनएफ'मध्ये शोधायला सांगतात आणि तिथे ती सापडत नाही. २०१७ च्या डेबियन ९ पासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी आलं आणि सर्व्हरची सेटिंग 'ईटीसी/मायएसक्यूएल/मारियाडीबी.कॉन्फ.डी' या फोल्डरमधल्या '५०-सर्व्हर.सीएनएफ'मध्ये असतात. मी स्वतः त्या फाइलला हात लावत नाही. त्याच फोल्डरमध्ये '९९' ने सुरू होणारी आपली वेगळी फाइल करतो आणि तिच्यात 'मायएसक्यूएलडी'च्या कंसाखाली हवी ती ओळ लिहितो. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची ओळ आधीचीवर मात करते, त्यामुळे पुढे अपडेट आलं तरी आपला बदल शाबूत राहतो.

तिथे बोर्डचा नेमका पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, लिहावा असं अनेकांना वाटतं. ऐकायला ते काटेकोर आहे, पण वायफायवर चालणाऱ्या बोर्डाला ते महागात पडतं. वीज गेली, आली, बोर्ड सुरू झाला, आणि राउटरकडून पत्ता मिळायच्या आत मारियाडीबी उठलं तर जो पत्ता अजून अस्तित्वातच नाही त्यावर त्याला बसता येत नाही. सर्व्हर सुरूच होत नाही. ०.०.०.० ठेवून फायरवॉलने आवळणं जास्त भरवशाचं.

पण थांबा. हा बदल तुम्हाला करायची गरज आहे का?

डेटाबेस कोणासाठी उघडायचाय ते आधी ठरवा. ईएसपी३२ थेट मारियाडीबीशी जोडायचे असतील तर प्रत्येक ईएसपी३२ च्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्रॅममध्ये) डेटाबेसचा पासवर्ड पडून राहणार, बागेत उघड्यावर, काठीला बांधून. शिवाय वायफाय क्षणभर तुटलं की अर्धवट कनेक्शनं साचत जातात. अशा चुकलेल्या जोडण्या एकाच पत्त्यावरून शंभरच्या पुढे गेल्या की सर्व्हर तो पत्ताच बंद करतो, एरर ११२९. मग सेन्सर ठीक, वायफाय ठीक, तरी नोंद येत नाही, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. त्यापेक्षा ईएसपी३२ नी एमक्यूटीटीने (सेन्सरसाठीची हलकी निरोप-पद्धत) बोलावं. बोर्डवर मॉस्किटो हा निरोप घेणारा प्रोग्रॅम बसवा, तो १८८३ पोर्टवर ऐकतो, आणि पायथनची एक छोटी स्क्रिप्ट त्यातून आलेली मापं उचलून डेटाबेसमध्ये लिहील. स्क्रिप्ट आणि डेटाबेस एकाच बोर्डवर असल्याने मारियाडीबीला १२७.०.०.१ सोडून कुठेही ऐकावं लागत नाही. राहिला तुमचा लॅपटॉप. त्याच्यासाठी एसएसएचचा (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायची सोय) बोगदा पुरतो आणि त्यालाही 'बाइंड-ॲड्रेस' बदलावा लागत नाही.

बोगदा म्हणजे लॅपटॉपवर 'एसएसएच -एल ३३०७:१२७.०.०.१:३३०६' आणि पुढे बोर्डवरचं तुमचं नाव व पत्ता. ती खिडकी उघडी ठेवायची आणि डेटाबेसच्या क्लायंटला सांगायचं की सर्व्हर १२७.०.०.१ वर, पोर्ट ३३०७ वर आहे. लॅपटॉपवरच्या ३३०७ मध्ये जे जाईल ते एसएसएचमधून, कुलूपबंद, बोर्डवरच्या ३३०६ ला मिळेल. डीबीव्हर किंवा हायडीएसक्यूएल वापरत असाल तर त्यांच्यात एसएसएचचा वेगळा टॅबच आहे, कमांडसुद्धा लागत नाही. एकच खोच: लिनक्स किंवा मॅकवर कमांडच्या क्लायंटमध्ये १२७.०.०.१ ऐवजी 'लोकलहोस्ट' (स्वतःचंच यंत्र) लिहिलंत तर मायएसक्यूएलचा किंवा जुना मारियाडीबीचा क्लायंट नेटवर्कने जातच नाही, लॅपटॉपवरच्याच डेटाबेसचं सॉकेट (यंत्राच्या आतलं दार) शोधतो आणि तुम्ही दिलेला पोर्ट सरळ दुर्लक्षित होतो.

एसएसएचला पासवर्ड ठेवू नका, किल्ली ठेवा. 'एसएसएच-कीजेन'ने ईडी२५५१९ प्रकारची जोडी बनवा, सार्वजनिक भाग बोर्डवर टाका, किल्लीने आत जाता येतंय हे पक्कं झाल्यावरच 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन' बंद करा. एसडी कार्डवरची प्रणाली एप्रिल २०२२ च्या आधीची असेल तर आणखी एक बघा. तेव्हापर्यंत प्रत्येक रास्पबेरीवर 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड आयता यायचा. असले आयते पासवर्ड हुडकणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात.

आता खात्यांबद्दल, कारण ११३० आणि १०४५ चा सगळा घोळ इथेच होतो. मारियाडीबीत खातं म्हणजे नुसतं नाव नसतं, नाव आणि कुठून येणार तो पत्ता मिळून एक खातं होतं. एका तालुक्यात दोन गावचे दोन गणपत पाटील असावेत तसं, 'बाग ॲट लोकलहोस्ट' आणि 'बाग ॲट १९२.१६८.१.%' ('%' म्हणजे काहीही चालेल) ही दोन वेगळी माणसं आहेत, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असू शकतो, अधिकार वेगळे असू शकतात. बोर्डवर चालणारा पासवर्ड लॅपटॉपवरून चालत नाही याचं उत्तर बहुधा हेच असतं.

तुमच्यासाठी दोन खाती पुरेत. स्क्रिप्टला लिहायचं असतं म्हणून तिला 'इन्सर्ट', फार तर 'सिलेक्ट'सुद्धा, तेवढ्याच एका डेटाबेसपुरतं. तुम्हाला बघायचं असतं म्हणून तुम्हाला फक्त 'सिलेक्ट'. बोगद्यातून येणारी जोडणी बोर्डला १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखी दिसते, त्यामुळे बघणारं खातं 'ॲट लोकलहोस्ट' असलं तरी चालतं. मात्र 'स्किप-नेम-रिझॉल्व्ह' चालू असेल तर १२७.०.०.१ आणि 'लोकलहोस्ट' एक मानले जात नाहीत, तेव्हा खातं थेट '१२७.०.०.१' लिहून बनवा. 'क्रिएट यूजर' आणि 'ग्रँट' नंतर 'फ्लश प्रिव्हिलेजेस' मारायची गरज नसते. मारल्याने नुकसान नाही, पण त्यानेच सगळं ठीक होतं असं समजून लोक खरं कारण शोधायचं सोडतात.

आणि रूटला बाहेरून बोलवायचा विचार सोडा. डेबियनमध्ये रूटचं खातं बोर्डवरच्या खऱ्या रूटशी सॉकेटने बांधलेलं असतं, म्हणूनच 'सुडो मारियाडीबी' लिहिलं की पासवर्ड न विचारता आत घेतं. ती सोय मोडून रूटला '%' लावणं म्हणजे एक पासवर्ड फुटला की तक्ते पुसण्यापासून नवी खाती काढण्यापर्यंत सगळं मोकळं.

कधी थेट वायफायवरूनच जोडायचं ठरवलंत, समजा शेडमध्येच एखादा स्क्रीन लावायचाय, तर मग वरची '९९' वाली फाइल, 'ॲट १९२.१६८.१.%' असं खातं, आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलने ३३०६ फक्त १९२.१६८.१.०/२४ ला उघडा. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल आणि मॉनिटर-कीबोर्ड घेऊन दिंडोरीला जावं लागेल. बोर्डचा पत्ता राउटरमध्येच मॅक ॲड्रेसवरून राखून ठेवा. 'डीएचसीपीसीडी.कॉन्फ' बदलायला सांगणारे लेख बुकवर्मच्या (डेबियन १२ च्या) आधीचे आहेत, आता तिथे नेटवर्कमॅनेजर असतो आणि त्या फाइलला कोणी विचारत नाही.

पुण्याहून शेडपर्यंत यायचं कसं, हा दुसरा भाग. ३३०६ फॉरवर्ड का नको ते आधी. झीमॅप नावाचं साधन २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलं. गिगाबिटच्या जोडणीवरून अख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचा एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत चाळून काढणं त्याने शक्य केलं. त्यामुळे 'माझ्या बागेच्या डेटाबेसला कोण शोधायला येणार' या म्हणण्याला अर्थ उरत नाही. शोधणारा नाव-गाव बघत नाही, प्रत्येक दार ढकलून बघतो. २०१७ च्या सुरुवातीला उघड्यावर ठेवलेले मोंगोडीबी डेटाबेस पुसून जागी खंडणीची चिठ्ठी ठेवायचा सपाटा सुरू झाला, आणि लगोलग मायएसक्यूएलचीही तीच गत झाली. पैसे भरूनही डेटा परत मिळेलच असं नव्हतं.

दुसरं कारण जास्त रोकडं आहे: फॉरवर्ड केलंत तरी बहुधा चालणारच नाही. शेडमध्ये इंटरनेट सिमकार्डच्या फोरजी राउटरवर असेल, असं धरून चालतो. अशा जोडण्यांना सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक राउटर आहे आणि त्यात तुम्हाला काही फॉरवर्ड करता येत नाही.

मग बाहेरून आत यायचा हट्ट सोडून बोर्डनेच आतून बाहेर पडायचं. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे टेलस्केल, दूरची यंत्रं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारी सेवा. बोर्डवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे बसवा, एकाच खात्याने लॉगिन करा, दोघांना १०० ने सुरू होणारा एकेक खाजगी पत्ता मिळतो. मग तो एसएसएचचा बोगदा, फक्त १९२.१६८.१.५० च्या जागी बोर्डचा तो नवा पत्ता. राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही. आतून ते वायरगार्ड ही कुलूपबंद खाजगी जोडणीची पद्धतच वापरतं, जे २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे.

दुसऱ्याच्या सेवेवर विसंबायचं नसेल तर भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) घेऊन त्यावर स्वतःचं वायरगार्ड उभं करा. बोर्ड त्याला जोडतो, लॅपटॉपही त्यालाच जोडतो. बोर्डच्या बाजूला 'पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवायला विसरू नका. कंपनीचा राउटर गप्प जोडणी काही वेळाने विसरतो, मग बोर्ड जिवंत असूनही तुम्हाला पुण्याहून सापडत नाही आणि बोर्डने स्वतःहून काही पाठवलं की अचानक दिसायला लागतो. हे असं 'मधूनच चालतं' वालं दुखणं शोधायला सगळ्यात वाईट.

शेडला फायबर असेल आणि खरा सार्वजनिक पत्ता असेल तर फॉरवर्ड करायला हरकत नाही, पण फक्त वायरगार्डचा यूडीपी ५१८२०. ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

एक बारीक गोष्ट नव्या आवृत्त्यांबद्दल. मारियाडीबी ११.४ पासून क्लायंट आपणहून टीएलएसचा (कुलूपबंद जोडणीचा) आग्रह धरतो. लॅपटॉपवर नवा क्लायंट आणि बोर्डवर बुकवर्मचं १०.११ असेल तर एरर २०२६ येऊ शकते, की टीएलएस हवंय पण सर्व्हरकडे नाही. बोगद्यातून जात असाल तर एसएसएच आधीच सगळं कुलूपबंद करतंय, तेव्हा त्या जोडणीपुरतं क्लायंटचं टीएलएस बंद करायला हरकत नाही. उघड्या वायफायवर मात्र बंद करू नका.

जोडणी जमली की तीन आठवड्यांनी वेगळीच तक्रार येते, म्हणून विजेबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. ग्रामीण फीडरवर वीज जाणार. मारियाडीबीचं इनोडीबी (डेटा साठवणारा भाग) अचानक बंद पडलं तरी सावरतं, पण त्याला एसडी कार्डने खरं बोलावं लागतं, आणि कार्ड 'लिहिलं' म्हणतं तेव्हा ते खरंच लिहिलेलं असतं असं नाही. डेटाबेस यूएसबीच्या एसएसडीवर हलवा. अडॅप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच हवा, मोबाइलचा जुना चार्जर नको. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवून ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज घसरलं होतं आणि वेगही आवळला गेला होता. मापं दर सेकंदाला एकेक लिहिण्याऐवजी मिनिटभराची एकदम लिहा. ओलावा काही सेकंदाला बदलत नाही. रोज रात्री 'मारियाडीबी-डंप' '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' लावून चालवा आणि ती फाइल शेडमध्ये ठेवू नका, एसएसएचनेच पुण्याला आणा.

घड्याळाकडे तर कोणी बघतच नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, ते थेट ५ मध्ये आलं. वीज आली पण इंटरनेट अजून आलं नाही, तर बोर्ड शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालतो आणि पहाटे पाचची मापं रात्री एकच्या नावावर पडतात. या मापांवरून डाउनीच्या (द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या) फवारणीचा निर्णय घेणाऱ्या माणसाला ही नोंद नसलेली बरी. डीएस३२३१ चं छोटं मॉड्यूल लावा, आत सीआर२०३२ सेल, आणि कॉन्फिगमध्ये 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' ही ओळ.

वेळ बरोबर असूनही पुण्याच्या लॅपटॉपवर सगळ्या नोंदी नेमक्या साडेपाच तास मागे दिसल्या, तर डेटा बिघडलेला नाही. 'टाइमस्टॅम्प' प्रकारचा रकाना आत यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो आणि दाखवताना त्या जोडणीचा टाइमझोन लावतो. बोर्डचा झोन यूटीसी राहिला असेल तर क्लायंटमध्ये जोडल्याबरोबर 'सेट टाइम_झोन = +०५:३०' चालवा, आकडा अवतरणचिन्हात ठेवून. बोर्डचा झोन 'एशिया/कोलकाता' केलात तर त्यानंतर मारियाडीबी एकदा रीस्टार्ट करा, ते झोन सुरू होतानाच वाचतं. रकाना 'डेटटाइम' प्रकारचा असेल तर मात्र यातलं काही लागू होत नाही. त्यात स्क्रिप्टने जे लिहिलं तेच दिसतं, तेव्हा दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच करावी लागेल.